सरपंचांचं तिसरं बाळंतपण

पौषातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता उमरग्यातल्या एका खाजगी दवाखान्यात माझ्या थोरल्या भावाच्या बायकोला तिसरी मुलगी झाली. दवाखान्याच्या रजिस्टरात बाळंतिणीचं नाव माझ्या बायकोचं होतं. ते मी सांगितलं होतं.

वहिनी तेव्हा आमच्या गावच्या सरपंच होत्या. गाव माकणीपासून जवळ आहे. सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं म्हणून दादानं त्यांना उभं केलं आणि त्या निवडून आल्या. निकालानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांना दिवस गेले. आपल्या राज्यात दोनपेक्षा जास्त अपत्यं असलेल्या माणसाला ग्रामपंचायतीच्या पदावर राहता येत नाही. पदावर असताना तिसरं झालं तरी पद जातं. वहिनींना आधीच्या दोन मुली होत्या.

मी तेव्हा एका दैनिकाचा उमरग्याचा वार्ताहर होतो. तिसऱ्या अपत्यावरून अपात्र ठरलेल्या सदस्यांच्या बातम्या मी दिल्या होत्या. धाराशिवला जिल्हाधिकारी कार्यालयातल्या सुनावण्यांना बसलो होतो. कुठला पुरावा टिकतो आणि कुठला टिकत नाही, हे मला माहीत होतं.

तिसरा महिना लागला तेव्हा आईनं मला गावी बोलावून घेतलं. दुपारची वेळ होती. आई, दादा आणि मी स्वयंपाकघरात बसलो होतो.

"बाबानं औंदा पोरगा सांगितलाय," आई म्हणाली. बाबा म्हणजे शेजारच्या गावचा एक अंगारा देणारा माणूस. "पद बी पायजे आन् नातू बी पायजे. तू पेपरात लिवतूस, तुला कायदा ठाव हाय. काढ कायतरी वाट."

"सरपंचबाई, च्या आणा," दादा म्हणाला.

"सह्या करायला सरपंच, आन् च्या करायला बी सरपंचच," वहिनी चुलीपाशी बसून म्हणाल्या. आई हसली. मीही हसलो.

मग मी सांगितलं. बातमीत लिहितो त्याच क्रमानं सांगितलं. तक्रार करणारा आधी जन्माची नोंद काढतो, मग अंगणवाडीचं रजिस्टर, मग आशाताईंची वही. या तिन्ही ठिकाणी आईचं नाव दुसरं असेल, तर प्रकरण उभं राहत नाही. मला एकच मुलगा आहे. माझ्या बायकोच्या नावावर दुसरं मूल लागलं तर कुणाला शंका येणार नाही.

वहिनींनी चहाचे कप खाली ठेवले. "मंग माझं लेकरू माझ्या नावावर ऱ्हानार न्हाय का, भावजी?"

"पाच वर्षांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "मुदत संपली की दुरुस्ती करून घेऊ."

अशी दुरुस्ती होते की नाही, हे मी तपासलेलं नव्हतं. एरवी तपासल्याशिवाय मी एक ओळ पाठवत नसे.

माझ्या बायकोला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. वहिनींना ती अक्का म्हणते. तिनं एकच विचारलं, "अक्काला विचारलं का?" मी हो म्हणालो.

पाचव्या महिन्यात वहिनी कंबरदुखीच्या उपचारासाठी म्हणून उमरग्याला आमच्या घरी राहायला आल्या. मुली गावी आजीपाशी राहिल्या. ग्रामपंचायतीची कागदपत्रं सहीसाठी दादा एसटीनं घेऊन येत असे. वहिनी भिंतीला टेकून सह्या करत. गावात आशाताईंकडे त्यांची नोंद झाली नाही. नोंद नाही म्हणून तपासण्याही झाल्या नाहीत. आमच्या गल्लीत बायकोलाच दिवस गेल्याचं सांगितलं होतं, म्हणून ती घराबाहेर पडेनाशी झाली. तरी समोरच्या बाईंनी खिडकीतून विचारलंच, "ह्या खेपेला पोट दिसंना तुमचं?" बायको म्हणाली, "स्वेटर घातलाय, थंडी लई हाय." बाई म्हणाल्या, "आमच्या ह्यांला बी तसलंच एक आणा, लई सुटलंय."

खाजगी दवाखान्यात वहिनींना तीनदाच नेलं. पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवर पहिल्या बाळंतपणाची फाईल मागितली. नाव बायकोचं, आधार कार्डाची झेरॉक्स बायकोची. फाईल दुसरी दिली असती तर कागदाला कागद जुळला नसता. मी बायकोची फाईल दिली. तिच्यात रक्तगट होता, बी पॉझिटिव्ह. तो नव्या केसपेपरवर उतरवला गेला. मी समोर उभा होतो.

बाळंतपणानंतर अर्ध्या तासात वहिनींना जास्त रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी रक्त मागवलं. रक्तपेढीकडे नमुना आणि चिठ्ठी घेऊन मीच गेलो. तिथल्या माणसानं नमुना तपासला आणि चिठ्ठी माझ्याकडे परत सरकवली.

"चिठ्ठीवर बी पॉझिटिव्ह हाय. हे रक्त ओ पॉझिटिव्ह हाय. पेशंट तीच हाय ना?"

"तीच," मी म्हणालो.

"मग नमुना बदलला असंल. दुसरा आणा."

मी दवाखान्यात परत आलो. नर्सनं दुसरा नमुना काढला. वहिनी शुद्धीवर होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरा नमुना घेऊन पुन्हा रक्तपेढीत गेलो. पुन्हा ओ पॉझिटिव्ह निघालं. त्या माणसानं दवाखान्यात फोन लावला. मी काउंटरपाशी उभा राहिलो. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. समोरचा माणूस आमच्या गावचा नव्हता, तक्रारदार नव्हता. तरी मी बोललो नाही.

फोन डॉक्टरांनी घेतला तेव्हा माझी बायको तिथंच उभी होती. तिनं सांगितलं, "ती फाईल माझी आहे. आत माझी मोठी जाऊ आहे."

पहिला नमुना दिला त्यापासून रक्ताची पिशवी हातात येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तीन पिशव्या लागल्या. दुपारी दोनला रक्तस्राव थांबला. डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "तुम्ही पत्रकार ना?"  चाळीस मिनिटं आधी रक्त मिळालं असतं तर काय फरक पडला असता, हे मी त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या कुणाच्या बाईची बातमी असती, तर पहिला प्रश्न तोच विचारला असता.

आई संध्याकाळी गावाहून आली. मुलगी झाल्याचं तिला फोनवर कळलं होतं. तिनं बाळाच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मंग हितंच."

जन्माच्या नोंदीचा फॉर्म दुसऱ्या दिवशी आला. खरं आता दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं. क्लार्कनं विचारलं, "नाव तेच ठेवायचं का?" दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तेच." फॉर्म मी भरला. अक्षर माझं आहे.

सव्वीस जानेवारीला बाळ दहा दिवसांचं होतं. झेंडावंदन सरपंचांच्या हस्ते व्हायचं असतं आणि सरपंच हजर आहेत का याकडे विरोधी गटाचं लक्ष असणार होतं, म्हणून दादा वहिनींना जीपनं गावी घेऊन गेला. त्यांनी झेंडा फडकवला. दोन बाया दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. फोटो मला पाठवण्यात आला आणि मी तो बातमीसोबत पुढं पाठवला. छापून आला.

मुलगी आमच्याकडेच वाढली. वहिनी बाजाराच्या निमित्तानं दर आठवड्याला येत. पहिले काही महिने त्या आल्या की दार लावून घेऊन तिला पाजत. पुढं ती बोलायला लागली, तेव्हा माझ्या बायकोला आई म्हणाली आणि त्यांना मोठी आई.

सरपंचपदाची पाच वर्षांची मुदत संपली. वहिनी त्याच आठवड्यात आल्या. त्यांनी पिशवीतून स्वतःचं आधार कार्ड काढून माझ्यापुढं ठेवलं.

"माझी सरपंचकी संपली, भावजी. आता पोरगी माझ्या नावावर करा."

मी तेव्हा पहिल्यांदा चौकशी केली. नोंदणी कार्यालयात सांगितलं, आईचं नाव असं बदलत नाही. कोर्टाचा हुकूम लागेल, आणि पहिली माहिती खोटी कुणी दिली ते लिहून द्यावं लागेल. मी हे घरी सांगितलं. खोटी माहिती देणाऱ्याची सही माझी होती, तेही सांगितलं.

दादा म्हणाला, "आताच कशाला उकरायचं? ह्या वेळी जागा खुली हाय, मी उभा ऱ्हातोय. तिसरं लेकरू मला बी चालत न्हाय."

"म्हंजी आणिक पाच वर्सं," वहिनी म्हणाल्या.

 दादा उभा राहिला आणि निवडून आला.

मुलीला पहिलीत घातलं त्या दिवशी वहिनी गावाहून आल्या होत्या. शाळेच्या अर्जात आईच्या नावाच्या रकान्यात मी माझ्या बायकोचं नाव लिहिलं. वहिनी शेजारी उभ्या राहून वाचत होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कोर्टाचा कागद कधी करताव?" मी म्हणालो, वकिलाशी बोलतो.

त्याला चौदा महिने झाले. मी वकिलाकडे गेलेलो नाही.