वीलच्या गळ्यातलं क्लॅरिनेट

आमच्या बर्केलार गावात ज्याला म्हणून गाडी चालवता येते, त्याला ती फुन्स क्नुबेननं शिकवलेली असते. ज्याला येत नाही त्यालाही फुन्सनंच शिकवलेली असते, पण त्यात फुन्सचा दोष नाही. शांत माणूस. विद्यार्थी गाडी घेऊन कुंपणात शिरला तरी फुन्स म्हणायचा, "छान. आता हेच उलटं करून बाहेर या."

आयुष्यभर शिकाऊ माणसांशेजारी बसल्यामुळे त्याच्या उजव्या पायाला एक खोड लागली आहे. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो ना, तो ब्रेक फुन्स आता निवृत्तीनंतरही दाबत असतो. चर्चमध्ये पाद्रीबुवांचं प्रवचन भरकटायला लागलं की पहिल्या रांगेतून दाणकन आवाज येतो. घरी त्याच्या खुर्चीसमोरच्या सतरंजीला एक भोक आहे. त्याची बायको लीस ते शिवत नाही. म्हणते, "शिवून काय करू? परत बातम्या बघेलच की."

या फुन्सचा जीव मात्र गाडीत नाही, गाण्यात. कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे गाण्यांची संध्याकाळ असते. गावातल्या कुणीही आमच्या बोलीत गाणं रचायचं, रेकॉर्ड करून आणायचं, सभागृहात वाजवायचं, आणि लोक टाळ्यांनी ठरवतात की यंदा रस्त्यावर कुठलं गाणं म्हणायचं. पहिला नंबर दरवर्षी बदलतो. दुसरा मात्र फुन्सचा. इतका ठरलेला की एकदा त्याला बक्षीस आधीच घरपोच आलं होतं.

यंदाचं गाणं मात्र वेगळं होतं. चर्चसमोर नवा गोलचौक झाला आहे. त्यात शिरलेला एक माणूस बाहेर पडायचा रस्ता न सापडल्यानं गोल गोल फिरतो आहे, बायको फुटपाथवरून त्याला डबा देते आहे, असं ते गाणं. सुरुवातीला एकटं क्लॅरिनेट, भरकटलेलं, गिरक्या घेणारं. मग एकेक करून आमचा सगळा बँड त्यात शिरतो. आमचा बँड बेसूर वाजवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. तो बेसूरपणा सरावाशिवाय जमत नाही, हे आम्ही बाहेर सांगत नाही. मी ट्यूबा वाजवतो.

फुन्सनं आम्हाला एकेकट्याला घरी बोलावून, कपडे धुवायच्या खोलीत उभं करून रेकॉर्ड केलं होतं. क्लॅरिनेट वाजवलं वीलनं. आणि इथेच सगळी गोम होती. शरदात वीलनं ते वाजवलं, आणि मग आमच्या दंतवैद्यानं त्याचे सगळे दात काढून नवी कवळी बसवली. तेव्हापासून वील क्लॅरिनेटमध्ये फुंकतो तेव्हा किटलीला उकळी फुटल्यासारखा आवाज येतो. म्हणजे त्या धुलाईखोलीत वाजवलेलं क्लॅरिनेट हे वीलचं शेवटचं, दातांचं क्लॅरिनेट. पुन्हा मिळणे नाही.

अडचण लॅपटॉपची होती. ड्रायव्हिंग स्कूलचा जुना लॅपटॉप. पूर्वी त्यावर मुलं वाहतुकीचे नियम पाठ करायची. त्याच्यात आता सगळा बँड कोंबलेला. क्लॅरिनेट सुरळीत यायचं, ढोल यायचा, ट्रॉम्बोन यायचे, आणि माझा ट्यूबा आला की पडदा गोठायचा.

"तुझ्यामुळेच बंद पडतोय," फुन्स मला म्हणाला.

"मी काय केलं?"

"ते मला कळत नाही. पण तू आलास की बंद पडतो."

शेवटी तो, लीस आणि मी असे तिघं सभागृहातल्या दुरुस्तीच्या शनिवारी गेलो. तिथे गावातली हौशी मंडळी टेबलं मांडून बसतात. आपण बिघडलेली वस्तू न्यायची, आणि दुरुस्त मात्र आपल्याच हातांनी करायची. ते शेजारी बसून सांगणार. संगणकाच्या टेबलावर ओडील होती. ती नगरपालिकेत असते. फुन्सकडे गाडी शिकताना ती इतक्यांदा नापास झाली की परीक्षक तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला लागला होता.

"बसा फुन्सकाका," ओडील म्हणाली. "आधी आरसा बघा, मग पट्टा लावा."

फुन्सला स्वतःचंच वाक्य ओळखू आलं नाही. तो खरंच आरसा शोधायला लागला.

ओडीलनं सांगितलं की दोन गोष्टी बदलाव्या लागतील. मेमरी वाढवायची, आणि जुनी फिरती डिस्क काढून नवी, न फिरणारी घालायची.

"दोन्हींत फरक काय?"

"मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. डिस्क म्हणजे फडताळ. जिन्नस फडताळात राहतात, काम ओट्यावर चालतं. तुमचा ओटा लहान आहे, म्हणून सगळी भांडी एकदम मावत नाहीत."

"मग ओटा मोठा केला तर फडताळ कशाला बदलायचं?" लीसनं विचारलं.

"फडताळाचं दार हळू उघडतं म्हणून."

पलीकडे सायकली दुरुस्त करणारा म्हणाला, ओटा-बिटा काही नाही, मेमरी म्हणजे रस्ता आणि डिस्क म्हणजे गॅरेज. शिवणयंत्रवाल्या बाईंना हे पटलं नाही. त्यांच्या मते मेमरी म्हणजे वेटरच्या हातातला ट्रे आणि डिस्क म्हणजे तळघरातलं पिंप. फुन्सनं सगळ्यांचं मान डोलावून ऐकलं आणि माझ्या कानात म्हणाला, "म्हणजे ओट्यावरून रस्ता जातो, आणि त्या रस्त्यावर बिअर आहे. तुला कळलं?"

"बिअरपर्यंत कळलं," मी म्हणालो.

"काका, महत्त्वाचं," ओडील म्हणाली. "जुन्या डिस्कवरचं सगळं आधी नव्या डिस्कवर उतरवायला हवं. वेळ लागेल. आज सोडून जाता का?"

"गरज नाही." फुन्सनं खिशातून एक पेनड्राइव्ह काढला. "गाणं मी यात काढून घेतलंय. अख्खा बँड, आणि फाइल किती छोटी! डोळ्याची पापणी लवायच्या आत आली."

ओडीलच्या कपाळाला आठी पडली. "सगळं आलं? नक्की?"

"ओडील," फुन्स शांतपणे म्हणाला, "शिकताना तुझे हात सुटले तेव्हा तुला घाटातून खाली कुणी आणलं होतं?"

ज्या माणसानं आपला जीव वाचवला त्याला उलट विचारायचं नाही, अशी आमच्या गावाची रीत आहे. तिनं त्याच्याकडून झाकण उघडवलं, मेमरीची पट्टी खटकन बसवून घेतली, डिस्क बदलून घेतली, संगीताचा प्रोग्रॅमही नव्यानं घालून दिला. झाकण लावल्यावर काही स्क्रू उरले. लॅपटॉप बंद होत होता, उघडत होता, मग ते कुठले होते हे कुणालाच कळेना.

"जुनी डिस्क टाकू नका हं, थोडे दिवस तरी," ओडीलनं निघताना बजावलं.

फुन्सनं ती टाकली नाही. स्क्रूंसकट नीट घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

आता, जानेवारीत लीसच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर वस्तू ठेवणं म्हणजे काय, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. कार्निव्हलपुरता राजकुमार झालेल्या गावकऱ्यानं लोकांच्या गळ्यात घालायची पदकं दरवर्षी लीस बनवते. बाटल्यांची बुचं, दिव्यांची होल्डरं, चहाचे चमचे, जे हाताला लागेल त्याला चमकी फासायची, गरम गोंद लावायचा, लाल-पिवळी-हिरवी फीत बांधायची. मागच्या वर्षी घराची किल्ली पदक होऊन पाद्रीबुवांच्या गळ्यात गेली होती, आणि क्नुबेन दांपत्य तीन रात्री माझ्याकडे झोपलं होतं. तरी फुन्सनं डिस्क तिथेच ठेवली. "मग कुठे ठेवणार? ओटा लहान आहे," असं त्यानं नंतर कारण दिलं. कुठल्या ओट्याबद्दल बोलत होता, देव जाणे.

रविवारी राजकुमाराचा दरबार झाला, पदकं वाटली गेली. सोमवारी सकाळी फुन्सचा मला फोन. "लगेच ये. तू वाजत नाहीयेस."

मी गेलो. लॅपटॉप क्षणात सुरू झाला. गाणं उघडलं. पडद्यावर एकाखाली एक सगळी नावं होती. वील, क्लॅरिनेट. ढोल. माझं नाव, ट्यूबा. प्रत्येकासमोर लांबच लांब पट्टी, आणि सगळ्या पट्ट्या कोऱ्या. फुन्सनं बटण दाबलं. रेघ सरकत सरकत शेवटपर्यंत गेली. बारीकसाही आवाज नाही.

"पण अडकलं नाही," मी धीर दिला. "पूर्वी माझ्यापाशी अडकायचं."

फुन्सचा पाय सतरंजीच्या भोकात गेला.

ओडीलला फोन लावला. तिनं आधी पेनड्राइव्हवरची फाइल किती मोठी आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "काका, त्या छोट्या फाइलमध्ये फक्त कुणी कधी वाजवायचं तेवढं असतं. वाजवलेलं वेगळ्या जागी असतं. जुन्या डिस्कवर."

"म्हणजे मी वाजंत्र्यांच्या नावाच्या पाट्या आणल्या आणि वाजंत्री तिकडेच राहिले?"

"अगदी तसंच. पण घाबरू नका, डिस्क आहे ना तुमच्याकडे?"

आम्ही दोघांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल स्वच्छ होतं. लीस चूल पुसत होती. तिचा हात थांबला.

"चपटी?" ती म्हणाली. "चंदेरी? पत्त्यांच्या कॅटाएवढी?"

"लीस!"

"तुझ्याच त्या उरलेल्या स्क्रूंनी फीत बसवली. इतकं सुंदर पदक मी आयुष्यात केलं नव्हतं रे! वर तितराचं पीस लावलं."

"भोक नाही ना पाडलंस?"

"पाडणार होते. पण ड्रिल घसरायला लागलं."

"कुणाला दिलं?"

"सगळ्यांत मोठं होतं, म्हणून सगळ्यांत मोठ्या मानाचं ठरलं." लीस खुर्चीवर बसली. "दीर्घ सेवेबद्दल. वीलला."

आम्ही तिघं वीलच्या घरी गेलो, तर तो दारात आला तोच पदक घालून. घरच्या स्वेटरवर चमकी, फीत, तितराचं पीस. फुन्सनं सगळी हकीकत सांगितली. वीलला त्यातलं एकच वाक्य कळलं.

"माझं क्लॅरिनेट यात आहे? मग कपाटात काय आहे?"

"कपाटात क्लॅरिनेट आहे. यात तू वाजवलेलं आहे."

"मी तर तुझ्या घरी वाजवलं होतं."

"हो, पण ते माझ्या घरून तुझ्या गळ्यात आलं. काढ आता."

"काढ?" वीलनं दोन्ही हातांनी पदक धरलं. "राजकुमारानं घातलेलं पदक राख-बुधवारी कार्निव्हल संपायच्या आधी काढतात? माझा बाप न्यूमोनियात सुद्धा घालून झोपला होता."

मग आम्ही खुद्द राजकुमाराला फोन लावला. यंदाचा राजकुमार म्हणजे आमचा दंतवैद्यच. त्यानं दवाखान्यातून सांगितलं की त्याची परवानगी आहे, वीलनं पदक काढावं.

"त्याला सांगा," वील म्हणाला, "दात घेतलेस तेव्हा मी काही बोललो नाही. पदक मिळणार नाही."

फुन्स पायरीवर बसला. एवढा खचलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. कुंपणात, कालव्यात, एकदा तर चक्क दवाखान्याच्या स्वागतकक्षात शिरलेल्या गाडीत हा माणूस हसत बसलेला मी पाहिला आहे. "जाऊ दे वील," तो म्हणाला. "तुझं खरं आहे. गाणं जाऊ दे. पण तुझे दात होते रे त्यात."

वील कवळी चावत उभा राहिला. मग म्हणाला, "मी काढणार नाही म्हणालो. तुम्ही तुमची वायर आणू नका असं कुठे म्हणालो?"

संध्याकाळी फुन्सनं लॅपटॉप वीलकडे आणला, आणि ओडील केबल घेऊन आली. वीलला टेबलाशी बसवलं, छातीवरच्या पदकातल्या, वायर जोडायच्या टाचण्यांवरून तिनं दातकोरणीनं गोंद खरवडला आणि केबल जोडली. केबलचं दुसरं टोक लॅपटॉपला. डिस्क गुरगुरायला लागली.

"हलू नका," ओडील म्हणाली.

"गुदगुल्या होतायत."

"श्वास हळू घ्या."

"हळूच घेतोय. फ्लाय तरी द्या कुणीतरी."

लीसनं जर्दाळू भरलेल्या फ्लायचा, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या केकचा, तुकडा कापून त्याला भरवला. नेमक्या त्याच वेळी शेजारीणबाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. छातीला वायरी लावलेला वील, समोर यंत्र, बाजूला चिंताक्रांत मंडळी, आणि बायको नसलेल्या माणसाला घास भरवणारी लीस. थोड्याच वेळात दारात सूपचं पातेलं आलं आणि वीलच्या हृदयाची चौकशी सुरू झाली. आम्ही सांगत होतो की हृदय नाही, क्लॅरिनेट आहे. त्यानं त्या आणखीच घाबरल्या.

शेवटी ओडील म्हणाली, "आलं सगळं. लावा काका."

फुन्सनं बटण दाबलं. वीलच्या स्वयंपाकघरात वीलचं क्लॅरिनेट सुरू झालं. गिरक्या घेत वर गेलं, वाट चुकलं, परत आलं. वील तोंड उघडं टाकून ऐकत होता. मग ढोल, ट्रॉम्बोन, आणि मग मी. पडदा गोठला नाही. सगळा बँड गोलचौकात शिरला आणि दुसऱ्या टोकाला बाहेरही पडला. फुन्सचा पाय पूर्ण वेळ जमिनीवर होता, पण दाबलेला नव्हता.

"तिथे मी चुकलोय," वील म्हणाला. "दुसऱ्या गिरकीला."

"असू दे."

"असू दे कसं? परत वाजवतो." आणि वायर लोंबकळत असताना त्यानं कपाटातून क्लॅरिनेट काढून नव्या कवळीनं फुंकलं. किटली उकळली. ओडील खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. फुन्सनं मात्र ते गुपचूप रेकॉर्ड केलं होतं. आता लॅपटॉपला जागा होती, ताकद होती. ओट्याला की फडताळाला, हे मला विचारू नका. जुन्या दातांचं क्लॅरिनेट वाट चुकलं की नव्या दातांची किटली मागून हॉर्न दिल्यासारखी ओरडायची. शनिवारी सभागृहात पहिल्या किटलीलाच लोक उभे राहिले, आणि कार्निव्हलभर पोरं रस्त्यात तोच आवाज काढत हिंडत होती.

नंबर दुसरा आला. फुन्सला आनंद झाला. पहिला आला असता तर बक्षीस कुठे ठेवायचं हे त्याला सुचलं नसतं.

राख-बुधवारी वीलनं पदक काढलं आणि काचेच्या कपाटात टांगलं. गेल्या महिन्यात ओडीलनं फुन्सला रस्त्यात अडवून विचारलं, "काका, त्या गाण्याची दुसरी प्रत ठेवलीत ना कुठे जपून?"

"ठेवली आहे ना," फुन्स म्हणाला. "वीलकडे. फक्त जाताना फ्लाय न्यावा लागतो."