टाइपरायटरचे मिस्त्री

टाइपरायटर दुरुस्त करायला आले की मिस्त्री आधी टायपिस्टला उठवायचे आणि स्वतः त्या खुर्चीवर बसायचे. पेचकस पिशवीतच. मग विचारायचे, "कालपर्यंत चालत होतं ना? मंग काल काय नवं झालं?"

असा कारागीर तुमच्याही गावात असेल. आमच्या सेलूत हे होते.

मी तेव्हा तिथल्या एका कचेरीत हंगामी कारकून होतो. मी पदवीधर, म्हणून कचेरीतला पहिला कॉम्प्युटर साहेबांनी माझ्या हवाली केला. बजावलंही होतं, "बाहेरची फ्लॉपी घातलीस तर घरी बसवीन."

तरी टायपिंगचा सराव व्हावा म्हणून मी मित्राकडून फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम आणला आणि गुपचूप मशीनमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं, पण कीबोर्डचं एकही बटन चालेना. कंपनीचा माणूस औरंगाबादहून यायला आठवडा लागणार होता. साहेब म्हणाले, "बटनंच आहेत ना? मिस्त्रींना बोलवा."

मिस्त्री आले, माझ्या खुर्चीवर बसले. प्रत्येक बटन दाबून पाहिलं. "स्प्रिंगा लय मऊ हायत," म्हणाले. मशीन बंद करून वायर काढून पुन्हा बसवली. काही फरक नाही. मग कॉलेजातून दुसरा कीबोर्ड मागवून जोडला. तोही मुकाच.

"म्हंजे दोष बटनाचा न्हाई." साहेब आत गेलेले पाहून त्यांनी हळूच विचारलं, "काल काय नवं झालं, बाबू?"

मी सगळं सांगून टाकलं. नोकरी जाईल, हेही सांगितलं.

"मोडलं तर न्हाई ना? वाढवलंय. मंग वाढवलेलं सोडून चालू करता येतं का ह्याला?"

तेव्हा मला आठवलं, मशीनबरोबर आलेली फ्लॉपी कपाटात होती. तिच्यावरून मशीन सुरू केलं, भीत भीत एक बटन दाबलं. अक्षर उमटलं. मिस्त्री म्हणाले, "बोलला की पठ्ठ्या." मशीन सुरू होताना जी फाइल वाचतं, तिच्यातून मी नव्या प्रोग्रॅमची ओळ काढली आणि सगळं पूर्ववत झालं.

"आता साहेबाला सांगा," पिशवी उचलत ते म्हणाले. "चालत्या मशीनसमोर मानूस कमी तापतो."

मी सांगितलं. साहेब तापले, बराच वेळ तापले. मग खुर्ची ओढून म्हणाले, "बस. पत्र घे."

दोन वर्षांनी मी कायम झालो. पेढे घेऊन मिस्त्रींच्या दुकानी गेलो तर कुलूप. शेजारच्या सायकलवाल्याला विचारलं.

"तो व्हय? परभनीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायलाय, रोज सकाळच्या गाडीनं. पंचावन्नचा झाला, मास्तर पोराच्या वयाचा, तरी त्याला सर म्हनतो. परवा परीक्षा झाली. पोरांनी सगळा पेपर ह्याचाच बघून लिवला म्हने."

पेढे मी सायकलवाल्यापाशी ठेवले. त्यानं त्यातला एक लगेच खाल्ला.