मिलिंदचं सॉरी

इंदापूरच्या एसटीतून उतरलेल्या एका ओळखीच्या शिक्षकांनी बारामतीच्या स्टँडवरच सांगितलं, "तुमचा मिलिंद गेला हो. हार्टअटॅक." त्या 'तुमचा'चा आधी रागच आला... आमचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती. रडू आलं ते कन्हेरीला घरी पोचल्यावर.

आम्ही बी.ए.ला एकाच बाकावर. इंग्रजीला दोघंही घाबरायचो. त्याची भीती आधी गेली, मग त्यानं माझी घालवली. बारामतीतच एका कॉलेजात तो तात्पुरता लेक्चरर झाला, तरी रविवारी सायकल मारत आमच्याकडं यायचा आणि माझ्या धाकट्या बहिणीला, नंदाला, इंग्रजी शिकवायचा. शब्दाच्या मुळाशी जायचा त्याला नादच होता. एकदा नंदाच्या हातून चहा सांडला, ती "सॉरी" म्हणाली, तर त्यानं तो शब्दच उलगडायला घेतला. लोकांना वाटतं सॉरी हा 'सॉरो'वरून, म्हणजे दुःखावरून आला. तसं नाही. तो 'सोअर'च्या घरातला. सोअर म्हणजे ठणकणारी जखम. जुन्या इंग्रजीत सॉरी म्हणजे ज्याला आतून दुखतंय असा माणूस. आता नुसता पाय लागला तरी म्हणतात. "दुखत नसंल तर म्हणू न्हाय," असं तो म्हणाला. दारात उभ्या आईला हा मुलगा त्याच दिवशी आवडला.

पुढं नंदाचं नि त्याचं जमलं, साखरपुडा झाला... आणि त्याचं येणं थांबलं. कॉलेजच्या एका संचालकांच्या पुतणीशी त्याचं लग्न ठरलंय, नोकरीही कायम होतीये, हे मला तिथल्या शिपायाकडून कळलं. मी निरोपावर निरोप धाडले, तेव्हा एकदाचा आला. अंगणातच थांबला आणि नंदाकडं न बघता म्हणाला, "सॉरी."

नंदानं हळूच विचारलं, "कुठं दुखतंय, सर?"

त्यानं सायकल वळवली. माझ्याशी तर एक अक्षरही बोलला नाही. ज्याच्या जिवावर मी घरच्यांना शब्द दिला होता, तो माझा मित्र.

नंदा आता वालचंदनगरला शिकवते. बातमी सांगितली तेव्हा म्हणाली, "तू जाऊन ये. तुझा मैतर होता." मी इंदापूरला गेलो, लग्नानंतर तो तिथंच राहायचा. त्याच्या बायकोनं सांगितलं, ते तुमची लई आठवण काढायचे. आठवण काढत होता, तर कन्हेरी काय लांब होती?

मीही शाळेत इंग्रजीच शिकवतो. वर्गात धडा वाचतो, तेव्हा कुठं थांबायचं, कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा, सगळं अजून त्याच्यासारखंच होतं. ती सवय मोडायचा पुष्कळ प्रयत्न केला... माझ्या तोंडात दुसरं इंग्रजी नाहीच.