त्याच खड्ड्यांवरून पुन्हा पुन्हा

पत्रक मीच लिहिलं होतं, हे आधीच सांगून टाकते. ‘रस्त्यावर पांढरे पट्टे कशासाठी? आपली जमीन मोजली जात आहे. जागे व्हा!’ जमिनीसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेच्या कचेरीत बसून एका दमात लिहिलं, बोईसरला छापलं आणि डोंगराकडच्या आमच्या सगळ्या पाड्यांत वाटलं. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. आमच्या जिल्ह्यात अनोळखी गाडी, यंत्रं आणि रस्त्यावर चुन्याची खूण एकत्र दिसली की पुढे काय होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आधी मोजणी, मग नोटीस, मग कोळगावला जिल्हा कार्यालयासमोर आमचं उन्हात बसणं.

गाडी दोन दिवस येत होती. उंच, धिप्पाड, अंगभर काळ्यापांढऱ्या वळवळत्या नक्षीचा कागद चिकटवलेला. कंपनीचं नाव कुठेच नाही. चाकांपासून निघालेल्या वायरी खिडकीतून आत गेलेल्या. एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत जायची, वळायची, पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा काका जाऊन रस्त्यात बसला, थेट गाडीच्या पुढच्या चाकाला पाठ टेकून. रस्त्याला लागूनच त्याचा भाताचा एवढासा तुकडा आहे. कळल्यावर मी धावत गेले.

“काका, ऊठ. मी बोलते त्यांच्याशी.”

“तू आनखी काय बोलशील? दुपारी मला अंगठा द्यायचा हाय कागदावर. त्याआदी ह्यांचं तोंड तरी बघून घेतो.”

“कसला कागद?”

“जमिनीचा. एजंट बोलला, सरकार घेईल तवा हातात काय नाय येनार, आताच विकून मोकळा हो. मी नाय बोललो. तर त्यानी तुजाच छापलेला कागद काडला. बोलला, बघ, तुजी पुतणीच लिवते.”

ज्या माणसासाठी ओरडत होते, त्याचीच जमीन माझ्या ओरडण्याने चालली होती.

गाडीतून एक चष्मेवाला इंजिनीअर उतरला. चाळिशीचा, पुण्याकडचा. मी त्याच्यावरच तुटून पडले. कोणाच्या परवानगीने मोजताय?

“ताई, या गाडीबद्दल आम्हाला बाहेर बोलता येत नाही.”

“मोजणीवाले पण हेच बोलतात!”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चाकाला टेकलेल्या काकाकडे. आणि मागचा दरवाजा उघडला. आत माणसांच्या जागी वाळूची पोती पट्ट्यांनी बांधून बसवली होती.

“दोन पोती काढतो, तुम्ही दोघं बसा. काय मोजतोय ते तुम्हीच सांगा.”

बसलो. गाडी पहिल्या पट्ट्यावरून सुटली. त्याच्या मांडीवर लॅपटॉप. नकाशा शोधायला मी वाकले, तर पडद्यावर नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. गाडी खड्ड्यात गेली की रेघ उडायची. काकाने ते माझ्याआधी ओळखलं.

“हा तर खड्ड्याचं चित्र काडतो!”

“बरोबर. आणि बसायला कसं वाटतंय?”

“खड्डा मागं रायला तरी गाडी मान हलवतेच हाय.”

इंजिनीअरने ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मग गाडी थांबवून ड्रायव्हरने जॅक लावला, चाकं काढली आणि चारही शॉक अॅब्सॉर्बर बदलले, आधीपेक्षा कडक. आम्ही तासभर आंब्याखाली बसलो. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग.

“आता मान नाय हलत,” काका म्हणाला, “पन दनका कमरेत बसतो.”

“हेच तर दुखणं आहे,” इंजिनीअर म्हणाला. मऊ ठेवलं तर गाडी डुलते, वळणावर कलते. कडक केलं तर माणूस मोडतो. चाक वर उचललं जाताना शॉक अॅब्सॉर्बरमधलं तेल किती अडवायचं आणि खाली येताना किती, याचा मेळ लागेपर्यंत तेच खड्डे खायचे. पट्टे त्यासाठी होते. इथून सुरू, तिथे संपलं.

“म्हणजे जमीन नाही मोजत?”

“जमिनीचं मी काय करू? ही गाडी अजून बाजारात यायचीय, म्हणून तर झाकलेली. मला तुमचे खड्डे हवेत. असे कुठे बनवून मिळत नाहीत.”

मला हसू आलं आणि संतापही. इतकी वर्षं या खड्ड्यांसाठी निवेदनं देतोय आम्ही, आणि ह्यांना ते आवडतात! “रस्ता सुधारायचा सोडून गाडी सुधारताय? लाज नाही वाटत?”

“रस्ता माझ्या हातात असता तर माझी नोकरी कशाला लागली असती?” तो म्हणाला. पुढे ड्रायव्हर खो खो हसला. या उत्तरावर मी अजूनही समाधानी नाही. पण त्या क्षणी छातीवरचा धोंडा असा उतरला, की भांडायला दमच उरला नाही.

आणखी एकदा शॉक अॅब्सॉर्बर बदलले. या वेळी काका डोळे मिटून बसला.

“हां. आता दनका येतो नि जातो. ऱ्हात नाय.”

“दहापैकी किती देता?”

“सात लिव. आठ दिले तर काम सोडून घरी जाशील.”

उतरल्यावर काकाने माझा फोन मागितला आणि एजंटला लावून द्यायला सांगितलं. मी शेजारी उभी. “येऊ नको दुपारचा,” तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ बडबड. “नाय रे, तब्येत बरी हाय. जमीन बी बरी हाय. ठेव.”

मी बांधावर बसले आणि चक्क रडले. काकाने रडू दिलं थोडा वेळ. मग म्हणाला, “लोकांना काय सांगायचं ते तू बघ. लिवताना ह्या वेळी इचारून लिव.”

“हो.”

“आनि कोयता आन घरातून. विकायचीच म्हनून औंदा राब नाय केला. पाला तोडून, वावरात पसरून, जमीन भाजायला पायजे, नायतर भाताची रोपं कुठं टाकू?”

मी कोयता आणायला पळाले.