इस्त्रीचा सदरा

"शेण कुठाय?" टीव्हीकडे बोट करून काका विचारत. दर रविवारी, न चुकता.

काका गुरांचे निवृत्त डॉक्टर. अमेरिकेत सनीव्हेलला, माझ्या शेजारी मुलाकडे राहायला आले होते. घरचा टीव्ही नातवंडं सोडत नसत, म्हणून माझ्या रविवारच्या यादीत कपडे, किराणा यांच्याखाली 'दोन वाजता काका' अशी ओळ असे. स्पॅनिश चॅनलवर तेव्हा जुने मेक्सिकन सिनेमे लागत. तुम्हीही पाहिले असतील: भलंमोठं कुरण, घोड्यावर बसून गाणारा मालक, कडक इस्त्रीतले हसरे गडी. भाषा आम्हाला येत नव्हती. काकांचं अडत नसे. "अगं, ती गाय गाभण आहे! पळवतात काय तिला, गाढव लेकाचे!"

सोबत आमच्या कॉम्प्लेक्सचा माळी बसे. तो मेक्सिकोतल्या खेड्यातला. काकांचे मुलगा-सून ऑफिसात, नातवंडं इंग्रजीत. दिवसभरात काकांशी गुराढोरांबद्दल बोलणारा तो एकटाच. निम्मं बोलणं हातवाऱ्यांनी.

एका रविवारी मालक गाऊ लागला आणि माळ्याचे डोळे भरून आले. काका खो खो हसले. "नो शेण! ऑल फॉल्स!"

माळी उठला. दाराशी थांबून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माहितेय. अशाच एका मालकाचे घोडे माझा बाप धुवायचा. सिनेमात त्याला स्वच्छ शर्ट मिळतो, म्हणून बघतो."

पुढचे दोन रविवार तो आला नाही. काका चहा पीत, पडद्याकडे बघत नसत.

"काका, सॉरी म्हणून टाका ना."

"तेवढ्यानं नाही गं भागायचं."

तिसऱ्या रविवारी त्यांनी माझ्याकडे इस्त्री मागितली. स्वतःचा पांढरा सदरा कडक केला, अंगात घातला आणि खाली लॉनवर गेले. माळ्याला हाताला धरूनच वर आणलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात लगाम धरलेला गडी दिसला, की काका बोट दाखवत. "लुक, युवर फादर." माळी मान डोलवी.

वर्षभराने काका भारतात परतले. यादीतली ओळ मी खोडणार होते, तर दोनच्या ठोक्याला बेल वाजली. दारात माळी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

तो आपल्या जागी बसला. शेजारची खुर्ची रिकामी होती. मालक गाऊ लागला, तसं त्याने पडद्याकडे बोट केलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं,

"शेण कुठाय?"