मोगलाईतला दगड

माझ्या पणजोबांनी एका राज्याची हद्द हलवली होती. (इतिहासाच्या पुस्तकात याची नोंद नाही, आमच्या टेंभुर्णीत आहे.) निजामाचं राज्य, म्हणजे मोगलाई, आमच्या शेतापाशी संपायचं, पलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड. पणजोबांनी हद्दीचा दगड उचलून घरी आणला, मोजणीवाले चक्रावले आणि रेघ अर्धं शेत पुढं सरकली! मी शाळेत इतिहास शिकवतो, त्यामुळं ही रेघ दरवर्षी आणखी थोडी सरकते.

गेल्या वर्षी वऱ्हाडातून वैशालीच्या घरचे आमचं घर बघायला आले. मला सात ठिकाणांहून नकार आलेला, आणि वैशाली मला मनापासून आवडलेली. तिचे आजोबा बाजेवर गप्प बसून होते. त्यांना बोलतं करावं म्हणून मी हा पराक्रम सांगितला.

आजोबा ताठ बसले. "नाल्याजवळचा दगड?"

"बराबर. तुम्हाला कसं माहीत?"

"तिथं आमचा आंबा व्हता. तो तुमच्या मोगलाईत गेला. आमचा बाप मरेपर्यंत त्याच आंब्याचं नाव घे."

मी घाईनं सारवासारव केली. "आता सगळं एकच राज्य झालंय की, आजोबा."

"राज्य झालं. आंबा कुठाय?"

"पडला. त्याची बाज केली." (कोणती, ते सांगायची गरज पडली नाही. ते तिच्यावरून उठले.)

वैशालीचे वडील चप्पल शोधू लागले. आजोबा म्हणाले, "दगड तरी दाखवा."

दगड मागच्या दारी मोरीवर होता, साबणानं गुळगुळीत झालेला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"कशाचा पराक्रम? आजेसासूबाईंला धुण्याला सपाट दगड पाह्यजे होता. तीन दिस अबोला धरल्ता त्यांनी. मंग आजेसासरे बैलगाडी घेऊन गेल्ते. हद्द कुठंय अन् काय, त्यांला काहीच ठाव न्हवतं."

आजोबांनी वाकून दगडावरून हात फिरवला. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हंजे बाईच्या धुण्यापायी निजामाचं राज्य वाढलं! द्या पोरगी यांच्या घरात. आंबा गेला तं गेला, दगड तरी आपल्या पोरीच्या ताब्यात राहीन."

लग्न झालं. वैशालीनं दगड ताब्यात घेतला आणि धुणं माझ्याकडं दिलं. मी नाही म्हणून पाहिलं, तर तिनं अबोला धरला. पणजोबांनी तीन दिवस तरी दम काढला होता. इतिहासाचे मास्तर संध्याकाळीच चादरी आपटायला बसले.