नाव बदलायचंय, मॅडम

डोंबिवलीत बरीच वर्षं नोटरीचं काम करतेय. किस्से आपोआप साठत जातात, माळ्यावरच्या डब्यांसारखे. टाकायला म्हणून काढावेत, तर प्रत्येकात काहीतरी निघतं. भाडेकरारांचे किस्से हसण्यावारी नेता येतात, लिव्हिंग विलचे नाही. लिव्हिंग विल म्हणजे, बरं होण्याची आशा संपली की मला नळ्या लावून जगवत ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवायचं. आणि तेव्हा आपल्याला बोलता येत नसेल, तर आपल्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव घालायचं. सगळी गोम त्या नावातच असते!

*

एका सकाळी चौघं एकदम ऑफिसात आले. कोपरचे म्हात्रेदादा, जुने जमीनवाले. ठाकुर्लीचे सावंतकाका, बँकेतून रिटायर्ड. शाळेत मराठी शिकवलेले करंदीकर सर आणि त्यांच्या पत्नी सुमनताई. रोज मैदानावर एकत्र फिरणारी मंडळी, लिव्हिंग विलवरचं कुठलंसं व्याख्यान ऐकून आलेली.

सर आणि ताईंनी एकमेकांची नावं घातली. म्हात्रे-सावंतांनीही एकमेकांचीच!

मी म्हटलं, "अहो, घरातलं कोणी घाला ना."

सावंतकाका म्हणाले, "घरातले रडत बसतील हो. मित्र काम करील!"

सह्या झाल्या आणि म्हात्रेदादांनी पिशवीतून पेढे काढले. "चांगला काम जाला, तोंड गोड करा!" माझा पेढा मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

*

थोड्याच दिवसांत म्हात्रेदादा परत हजर. घरी काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, कागद पाहिला होता, फाडला होता आणि वर गॅसवर धरून जाळला होता. म्हणाल्या, "धडधाकट मानूस न् मरनाचे कागदावर सही करून आलाय!"

दादा खुशीत होते. "आता रद्द जाला ना?"

"नाही दादा. एक प्रत महापालिकेत गेलीय. रद्द करायचं तर तसं लिहून द्यावं लागेल. साक्षीदार आणा, पुन्हा सही करा."

"म्हंजे मरायला पन सही न् जगायला पन सही?"

"हो."

साक्षीदार म्हणून काकी स्वतः आल्या. ठसठशीत सही केली आणि माझ्याकडे एकदाही न बघता निघून गेल्या. दादांचा कागद असा संपला. सावंतकाकांच्या कागदावर मात्र दादांचं नाव तसंच राहिलं.

*

मग सावंतकाकांना न्यूमोनिया झाला. थेट व्हेंटिलेटर! डॉक्टर म्हणाले, "आता फारशी आशा नाही. त्यांनी काही लिहून ठेवलंय का?"

कागद म्हात्रेदादांच्या खिशात होता. त्यांनी तो काढला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायला. उद्या वाचतो."

दुसऱ्या दिवशीही चष्मा घरीच! तो सापडायच्या आत सावंतकाकांनी डोळे उघडले.

बरे झाल्यावर काका काठी टेकत माझ्याकडे आले. मला वाटलं, रद्द करायला आलेत.

"छे! नाव बदलायचंय, मॅडम. म्हात्र्या मित्र चांगलाय, पण या कामाचा नाही."

"अहो, त्यांच्यामुळे वाचलात!"

"वाचलो ना. पण हात बांधून ठेवलेले माझे. घशात नळी. ओरडायचंय, पण आवाज नाही. पुढच्या वेळी चष्मा विसरणार नाही असा माणूस पाहिजे."

त्यांनी मुलाचं नाव घातलं.

*

तो मुलगा, निलेश, काही दिवसांनी एकटाच आला. "मॅडम, माझं नाव काढा ना. बाबांना सांगू नका."

"ते फक्त बाबाच काढू शकतात, निलेश. तू बोल त्यांच्याशी."

"काय बोलू?" तो म्हणाला. पाणी प्यायला आणि गेला. वडिलांशी तो याविषयी कधीच बोलला नाही. पुढे वेळ आली तेव्हा डॉक्टरांना सांगायचं ते त्यानेच सांगितलं.

तेराव्यानंतर तो कागद घेऊन आला. "आता हा रद्द करायला लागतो का?"

"नाही रे. त्याचं काम संपलं."

"मग मी ह्याचं काय करू?"

फार वाईट वाटलं मला त्या पोराचं.

*

परवा सुमनताई आल्या. त्यांना कॅन्सर झालाय, हातात फार वेळ नाही. सोबत करंदीकर सर होते. सरांची स्मृती गेलीय. ताईंना कधी ओळखतात, कधी "बाई" म्हणतात. स्वतःचं नावही त्यांना रोज आठवतंच असं नाही.

"यांच्याऐवजी भाचीचं नाव घालायचंय," ताई मला हळूच म्हणाल्या. सरांना त्यांनी सांगितलं, "सोसायटीचा कागद आहे हो."

मी कागद तयार करून टेबलावर ठेवला. सरांनी तो स्वतःकडे ओढला. वाचन अजून शाबूत आहे त्यांचं! वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला लागले. "माझे पती श्रीयुत करंदीकर यांचे नाव मी या कागदाद्वारे रद्द करीत आहे..."

ते थांबले. ताईंकडे बघून त्यांनी विचारलं, "हे गृहस्थ वारले का?"

ताईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "आहेत."

"मग त्यांना विचारलंत का?"